विषमज्वर

विषमज्वर (अन्य नावे : टायफॉइड, आंत्रज्वर, मुदतीचा ताप) हा साल्मोनेला टायफी या जिवाणूमुळे माणसाला होणारा संसर्गजन्य रोग आहे. रोग्याच्या किंवा रोगवाहकाच्या विष्ठेने, क्वचित मूत्राने, दूषित झालेले पाणी अथवा अन्न पोटात गेल्याने तो जडतो. दिवसागणिक चढत जाणारा ताप, डोकेदुखी, थकवा, अन्नावरची वासना उडणे, पोटदुखी आणि बद्धकोष्ठ किंवा जुलाब ही त्याची प्रमुख लक्षणे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ९० लाख लोकांना हा रोग झाला आणि सुमारे १ लाख १० हजार लोक त्याने दगावले. दक्षिण आशियात त्याचे प्रमाण विशेष आहे.

हा रोग समजून घेताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, माणूस हाच या जिवाणूचा एकमेव आश्रयदाता आहे. त्यामुळे विषमज्वराच्या प्रत्येक रोग्यामागे कोणा तरी दुसऱ्या माणसाची विष्ठा त्याच्या पाण्यापर्यंत किंवा अन्नापर्यंत पोहोचलेली असते. दुसरी अशी की, ताप उतरणे आणि रोग जाणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत. निदान, उपचार व प्रतिबंध यांत होणाऱ्या बहुतेक चुकांच्या मुळाशी यांपैकी एका गोष्टीचा विसर असतो.

## नावे

'मुदतीचा ताप' हे या रोगाचे मराठी बोलीतील रूढ नाव आहे. प्रतिजैविके नव्हती त्या काळी हा ताप साधारणपणे तीन ते चार आठवड्यांची आपली मुदत पूर्ण करूनच उतरत असे. त्या अनुभवावरून हे नाव पडले. 'आंत्रज्वर' हे नाव रोगाचे मुख्य स्थान असलेल्या आतड्यावरून आले आहे. शालेय पाठ्यपुस्तकांत व शासकीय लेखनात 'विषमज्वर' ही संज्ञा प्रचलित आहे. मात्र आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत 'विषमज्वर' हा शब्द ठरावीक किंवा अनियमित अंतराने उलटून येणाऱ्या तापांसाठी वापरलेला असून त्यांतील वर्णन हिवतापाशी अधिक जुळते. जुने ग्रंथ वाचताना हा अर्थभेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

टायफॉइड या शब्दाचा अर्थ 'टायफससारखा' असा आहे. टायफस हा उवा, पिसवा इत्यादींमार्फत पसरणारा अगदी वेगळा रोग आहे. दोन्हींत रोगी ग्लानीत जात असल्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांची गल्लत होत असे.

## कारक जिवाणू

साल्मोनेला टायफी हा दंडाकृती, हालचाल करू शकणारा जिवाणू आहे. पाण्यात तो काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत जिवंत राहू शकतो. बर्फात गोठूनही तो लगेच मरत नाही. त्यामुळे दूषित पाण्यापासून केलेला बर्फ तितकाच धोकादायक असतो. उकळलेल्या पाण्यात मात्र तो टिकत नाही आणि योग्य मात्रेतील क्लोरीननेही मरतो. याच कुळातील साल्मोनेला पॅराटायफी या जिवाणूमुळे होणाऱ्या तापास पॅराटायफॉइड म्हणतात. लक्षणांवरून हे दोन ताप वेगळे ओळखणे कठीण असते.

## शरीरातील प्रवास

पाण्यातून किंवा अन्नातून पोटात गेलेल्या जिवाणूंपैकी पुष्कळसे जठरातील आम्लाने नष्ट होतात. उरलेले लहान आतड्यात पोहोचतात. आतड्याच्या भिंतीत पेयर यांच्या नावाने ओळखले जाणारे लसीकाभ ऊतींचे चकते असतात. त्यांतून जिवाणू भिंतीच्या आत शिरतात. शरीराच्या रक्षणासाठी धावून आलेल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात. परंतु हा जिवाणू त्या पेशींच्या आतही जगू शकतो. त्यांच्याच आश्रयाने तो यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा येथे जाऊन वाढतो. या काळात रोग्याला काहीही जाणवत नाही. हा परिपाककाल सामान्यतः एक ते दोन आठवड्यांचा असतो. कधी तो याहून कमी, तर कधी जवळजवळ महिन्याचाही असू शकतो.

पुरेशी वाढ झाल्यावर जिवाणू मोठ्या संख्येने रक्तात उतरतात आणि ताप सुरू होतो. पित्ताशयातही त्यांचा शिरकाव होतो. तेथून ते पित्ताबरोबर पुन्हा आतड्यात येतात व विष्ठेवाटे बाहेर पडतात. परिपाककाल असा लांब असल्यामुळे ताप आला त्या दिवशी प्यायलेल्या पाण्याला दोष देणे बहुधा चुकीचे ठरते. संसर्गाचे मूळ शोधताना मागील दोन-तीन आठवड्यांतील पाणी, प्रवास, लग्नकार्यातील जेवण यांचा विचार करावा लागतो.

## लक्षणे व रोगाचा क्रम

उपचार न झालेल्या विषमज्वराचे वर्णन परंपरेने आठवड्यांच्या हिशेबाने केले जाते.

पहिल्या आठवड्यात ताप पायरीपायरीने चढतो. तो संध्याकाळी अधिक व सकाळी थोडा कमी असतो, परंतु दररोज आदल्या दिवसाहून किंचित वर जातो आणि १०३ ते १०४ अंश फॅरनहाइटपर्यंत पोहोचतो. डोके दुखते, अंग मोडून येते, कोरडा खोकला येतो, जिभेवर पांढरट थर जमतो. प्रौढांत बद्धकोष्ठ, तर लहान मुलांत जुलाब अधिक आढळतात.

दुसऱ्या आठवड्यात ताप चढलेलाच राहतो. पोट फुगते, प्लीहा वाढते. तापाच्या मानाने नाडीची गती कमी राहणे हे लक्षण काही रोग्यांत दिसते. छाती व पोटावर फिकट गुलाबी ठिपके उठू शकतात. सावळ्या त्वचेवर ते सहसा ओळखू येत नाहीत.

तिसरा आठवडा सर्वांत धोक्याचा मानला जातो. रोगी अतिशय क्षीण होतो, ग्लानीत जातो, बरळतो. आतड्याचे गंभीर उपद्रव मुख्यतः याच सुमारास उद्भवतात. चौथ्या आठवड्यात ताप हळूहळू उतरू लागतो, मात्र अशक्तपणा पुढे कित्येक आठवडे टिकतो.

आज बहुतेक रोग्यांना पहिल्याच आठवड्यात काही ना काही औषध मिळत असल्याने हा क्रम पूर्ण स्वरूपात क्वचितच दिसतो. लहान मुलांत, विशेषतः पाच वर्षांखालील मुलांत, तो अनेकदा केवळ साधा ताप म्हणून येतो.

## उपद्रव

जिवाणूंच्या वाढीमुळे आतड्यातील चकते सुजतात व त्यांच्या जागी व्रण पडतात. व्रणातून रक्तस्राव झाल्यास काळसर किंवा लाल शौचास होते. व्रण खोल जाऊन आतड्याला छिद्र पडल्यास आतड्यातील घाण उदरपोकळीत पसरते. पोटात एकाएकी तीव्र वेदना, पोट लाकडासारखे कडक होणे, नाडी जलद होणे ही त्याची चिन्हे असून अशा वेळी तातडीची शस्त्रक्रिया हाच उपाय असतो. याशिवाय मेंदू, हृदयाचे स्नायू, यकृत व पित्ताशय यांवरही परिणाम होऊ शकतो. गर्भवतीच्या बाबतीत गर्भपाताचा धोका संभवतो.

उपचार न मिळाल्यास १० ते २० टक्के रोगी दगावत असत. योग्य प्रतिजैविक वेळेवर मिळाल्यास हे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. दुखणे अंगावर काढल्याने उपद्रवांचा धोका वाढतो. बरे झाल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळणे ही तक्रार पुष्कळांची असते. ती तीव्र तापाची उत्तरक्रिया असून केस पुन्हा येतात.

## निदान

तापाच्या सुरुवातीच्या दिवसांत विषमज्वर, डेंग्यू, हिवताप, स्क्रब टायफस, लेप्टोस्पायरोसिस यांची लक्षणे एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की केवळ रोग्याकडे पाहून खात्रीचे निदान करता येत नाही.

रक्तसंवर्धन, म्हणजे रोग्याच्या रक्तातून जिवाणू वाढवून ओळखणे, ही निदानाची प्रमाण पद्धत आहे. तिचा दुहेरी लाभ असा की, जिवाणू हाती आल्यावर कोणते औषध त्यावर चालेल हेही तपासता येते. तिच्या मर्यादाही आहेत. एका चाचणीत सुमारे ६० टक्केच रोगी सापडतात, निकालाला काही दिवस लागतात आणि आधी प्रतिजैविक घेतलेले असल्यास जिवाणू न वाढण्याची शक्यता बळावते. म्हणून रक्ताचा नमुना औषधाच्या पहिल्या मात्रेपूर्वी घेणे महत्त्वाचे असते. अस्थिमज्जेचे संवर्धन अधिक संवेदनशील असले तरी ते कष्टप्रद असल्याने क्वचितच केले जाते.

फ्रेंच वैद्य जॉर्ज फेर्नां विडाल यांनी १८९६ मध्ये शोधलेली विडाल चाचणी भारतात आजही सर्वाधिक वापरली जाते. ती जिवाणू शोधत नाही. त्याच्याविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये शोधते. ही प्रतिद्रव्ये तयार होण्यास सुमारे आठवडा लागतो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केलेली चाचणी खऱ्या रोग्यातही नकारात्मक येऊ शकते. उलट पूर्वी कधी होऊन गेलेला विषमज्वर, घेतलेली लस किंवा दुसऱ्याच एखाद्या जिवाणूचा संसर्ग यांमुळे निरोगी माणसातही ती सकारात्मक येऊ शकते. ज्या प्रदेशात हा रोग नेहमीचा आहे तेथे एका चाचणीवरून निष्कर्ष काढणे विशेष अविश्वसनीय ठरते. सात ते दहा दिवसांच्या अंतराने केलेल्या दोन चाचण्यांत प्रतिद्रव्यांचे प्रमाण चौपट झाल्यास त्या निकालाला काही अर्थ प्राप्त होतो.

'विडाल पॉझिटिव्ह' एवढ्यावरून विषमज्वर ठरवण्याच्या पद्धतीचे दोन परिणाम होतात. डेंग्यू किंवा स्क्रब टायफस असलेल्या रोग्याचे खरे दुखणे मागे पडते आणि नको असलेली प्रतिजैविके वापरली गेल्याने जिवाणू त्यांना सरावतात.

## उपचार

विषमज्वरावर प्रतिजैविके हाच उपचार आहे. भारतात सध्या मुख्यतः ॲझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम आणि रुग्णालयात शिरेवाटे देण्याचे सेफ्ट्रिॲक्झोन ही औषधे वापरली जातात. औषधाची निवड, मात्रा व कालावधी डॉक्टरांनी ठरवायचा असतो. हा कालावधी सामान्यतः एक ते दोन आठवड्यांचा असतो.

योग्य औषध चालू केल्यावरही ताप उतरण्यास साधारण चार ते सहा दिवस लागतात. हे ठाऊक नसल्याने दोन दिवसांत गुण आला नाही म्हणून डॉक्टर बदलणे, त्यांनी औषध बदलणे आणि पुन्हा तेच चक्र सुरू होणे हा अनेक घरांतील अनुभव आहे. याच्या उलट चूकही तितकीच सामान्य आहे : ताप उतरताच रोगी उरलेल्या गोळ्या ठेवून देतो. भक्षक पेशींच्या आत दडलेले जिवाणू अशा वेळी शिल्लक राहतात आणि ताप उलटतो. पुरेसे उपचार होऊनही पाच ते दहा टक्के रोग्यांत बरे वाटल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ताप पुन्हा येऊ शकतो. अर्धवट उपचाराने हा धोका वाढतो.

पथ्याविषयी पूर्वी फार कडक समजुती होत्या. आतड्याला इजा होईल या भीतीने रोग्याला आठवडेच्या आठवडे जवळजवळ उपाशी ठेवले जाई व त्याने अशक्तपणात भर पडे. आज रोग्याला पचेल असे पुरेसे अन्न देण्यावर भर आहे. पेज, मऊ भात, मुगाचे वरण, खिचडी, ताजे ताक, केळे, उकडलेले अंडे यांसारखे पदार्थ आणि भरपूर शुद्ध पाणी देता येते. सलाईन हे विषमज्वरावरचे औषध नव्हे. उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी कमी झाले असल्यास किंवा रोग्याला तोंडाने घेता येत नसल्यासच त्याचा उपयोग असतो.

## औषधरोध

क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचा विषमज्वरावरील गुण १९४८ मध्ये सिद्ध झाला आणि मुदतीच्या तापाची मुदत आठवड्यांवरून दिवसांवर आली. परंतु १९७२ मध्ये केरळमधील कालिकत (कोळिक्कोड) येथे या औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूची साथ आली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन व को-ट्रायमोक्साझोल या तिन्ही औषधांना दाद न देणारे जिवाणू भारतात पसरले. त्यानंतर सिप्रोफ्लॉक्सॅसिन गटातील औषधांनी काही वर्षे चांगले काम केले. आता दक्षिण आशियातील बहुसंख्य जिवाणूंवर ती परिणामकारक राहिलेली नाहीत. पाकिस्तानातील सिंध प्रांतात २०१६ पासून सुरू झालेल्या साथीतील जिवाणूंनी सेफ्ट्रिॲक्झोनलाही दाद दिली नाही; तोंडाने घेण्याच्या औषधांपैकी ॲझिथ्रोमायसिन हेच काय ते उरले.

याची दुसरी बाजूही नोंद घेण्याजोगी आहे. जुन्या औषधांचा वापर घटल्यानंतर भारतातील अनेक जिवाणू त्यांना पुन्हा दाद देऊ लागल्याचे आढळले आहे. औषधांचा संयमाने वापर केल्यास त्यांचे सामर्थ्य काही अंशी परत मिळू शकते, असे यावरून दिसते.

## रोगवाहक

बरे झाल्यानंतरही काही आठवडे रोग्याच्या विष्ठेतून जिवाणू बाहेर पडत राहतात. एक ते पाच टक्के रोग्यांत ते वर्षाहून अधिक काळ पित्ताशयात टिकतात. अशा व्यक्तीस दीर्घकालीन रोगवाहक म्हणतात. पित्ताशयात खडे असणाऱ्यांत व स्त्रियांत हे प्रमाण अधिक असते. रोगवाहकाला स्वतःला कसलाही त्रास नसतो.

न्यूयॉर्कमधील स्वयंपाकीण मेरी मॅलन हे याचे इतिहासप्रसिद्ध उदाहरण आहे. ती ज्या घरांत काम करी तेथे विषमज्वर उद्भवत असल्याचे जॉर्ज सोपर या स्वच्छता अभियंत्याने शोधून काढले. १९०७ ते १९१० आणि पुन्हा १९१५ पासून १९३८ मधील मृत्यूपर्यंत तिला विलग ठेवण्यात आले. तिच्यावर उपचार करण्याचे साधन त्या काळी नव्हते आणि स्वतःला निरोगी समजणाऱ्या स्त्रीला दोषी ठरवून तिचे स्वातंत्र्य हिरावून घेणे कितपत न्याय्य होते, हा वाद आजही चालू आहे. आता दीर्घ मुदतीच्या प्रतिजैविकांनी आणि आवश्यक तर पित्ताशय काढून टाकून रोगवाहकावर उपचार करता येतात. भारतातील अन्नसुरक्षाविषयक नियमांनुसार अन्न हाताळणाऱ्या कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि आंत्रज्वर गटातील रोगांविरुद्ध लसीकरण अपेक्षित आहे.

## इतिहास

विल्यम जेनर यांनी १८५०च्या सुमारास टायफस व टायफॉइड हे भिन्न रोग असल्याचे स्पष्ट केले. विल्यम बड या इंग्लिश डॉक्टरांनी हा रोग रोग्याच्या विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो असे प्रतिपादन केले; त्यांचा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी जिवाणू कोणी पाहिलेला नव्हता. कार्ल एबर्ट यांनी तो १८८० मध्ये पाहिला आणि गेओर्ग गाफ्की यांनी १८८४ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवला. ऑल्म्रॉथ राइट यांनी १८९६च्या सुमारास मृत जिवाणूंची लस तयार केली. तरीही १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात बहुतेक ब्रिटिश सैनिकांनी ती घेतली नाही व त्यांच्यापैकी ८,००० हून अधिक जण या रोगाने मरण पावले.

प्रतिजैविकांपूर्वीच्या काळातील या दुखण्याचे एक चित्र महात्मा गांधींच्या आत्मकथेत आहे. १९०२ मध्ये मुंबईत गिरगावात राहत असताना त्यांचा सुमारे दहा वर्षांचा मुलगा मणिलाल यास विषमज्वर व त्याबरोबर न्यूमोनिया झाला. औषधाचा फारसा उपयोग होणार नाही, असे सांगून पारशी डॉक्टरांनी अंडी व कोंबडीचे सूप देण्याचा सल्ला दिला. शाकाहारी गांधींनी तो न मानता पाण्याचे उपचार, ओल्या चादरीच्या घड्या आणि पाणी घातलेला संत्र्याचा रस यांवर भिस्त ठेवली. मुलगा वाचला. त्या काळी डॉक्टरांच्या हाती शुश्रूषा व आहार यांपलीकडे काही नव्हते, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

श्रीमंत देशांतून हा रोग प्रतिजैविके येण्यापूर्वीच मोठ्या प्रमाणात हटला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरांनी पाणी वाळूतून गाळण्यास व त्यात क्लोरीन मिसळण्यास सुरुवात केल्यावर तेथील विषमज्वराचे मृत्यू झपाट्याने घटले. चिली देशातील सांतियागो येथे सांडपाण्यावर भाजीपाला पिकवला जाई; १९९१ मध्ये पटकीच्या भीतीने ती प्रथा बंद होताच विषमज्वरही एकदम कमी झाला.

## महाराष्ट्रातील स्थिती

२०१७ ते २०२० या काळात भारतात झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिल्ली, कोलकाता व वेल्लोर येथील शहरी वस्त्या आणि पुणे जिल्ह्यातील ग्रामीण भाग येथील मुलांवर सतत लक्ष ठेवून, ताप आलेल्यांचे रक्तसंवर्धन करण्यात आले. शहरी वस्त्यांत दरवर्षी दर लाख मुलांमागे ५७६ ते १,१७३ रोगी आढळले. पुण्याच्या ग्रामीण भागात हे प्रमाण ३५ होते. एका भागावरून सर्व ग्रामीण महाराष्ट्राविषयी अनुमान काढता येत नाही. तथापि, दाट वस्ती, अपुरी गटारे आणि खंडित पाणीपुरवठा असलेल्या शहरांत हा रोग किती अधिक असू शकतो, हे या आकड्यांवरून दिसते.

नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी संयुग्मित विषमज्वर लसीची मोहीम हाती घेतली. सार्वजनिक यंत्रणेने ही लस अशा प्रकारे देण्याचा तो जगातील पहिला उपक्रम मानला जातो. पहिल्या टप्प्यात सुमारे १ लाख १३ हजार मुलांना लस देण्यात आली. लस दिलेल्या विभागांत संवर्धनाने सिद्ध झालेला विषमज्वर सुमारे ५६ टक्क्यांनी कमी झाल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले.

### जालना जिल्हा

पाण्याची टंचाई व विषमज्वर यांचा संबंध समजण्यासाठी मराठवाड्यातील जालना जिल्ह्याची परिस्थिती उपयुक्त आहे. १ मे १९८१ रोजी निर्माण झालेल्या या जिल्ह्यात जालना, भोकरदन, जाफ्राबाद, बदनापूर, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा हे आठ तालुके असून २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १९,५९,०४६ आहे. दक्षिण सीमेवर गोदावरी असली तरी बहुतेक गावे विहिरी, हातपंप व विंधन विहिरी यांवर अवलंबून आहेत. जमिनीखाली बेसॉल्ट खडक असून पाणी त्याच्या भेगांतून व कुजलेल्या थरांतून वाहते. अशा भेगांतून पाणी मातीतून झिरपताना गाळले जाते तसे गाळले जात नाही. म्हणून विहिरीजवळचा शोषखड्डा किंवा उकिरडा येथे विशेष घातक ठरतो.

वर्षात धोक्याचे दोन काळ येतात. पहिला उन्हाळ्याचा. विहिरी आटतात आणि टँकर सुरू होतात. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्याने ही स्थिती तीव्रतेने अनुभवली. टँकरचे पाणी पुष्कळदा गावच्या विहिरीत ओतले जाते व लोक तेथून ते पोहऱ्याने शेंदतात. पाणी टँकरमध्ये भरताना शुद्ध असले तरी विहीर, पोहरा, दोर आणि घरातील पिंप यांपैकी कोठेही ते दूषित होऊ शकते. पाणी कमी पडले की हात धुणे हीच पहिली काटकसर होते. दुसरा काळ पहिल्या पावसाचा. उघड्यावरची घाण वाहून विहिरीत व नाल्यात उतरते आणि दोन-तीन आठवड्यांनी तापाचे रोगी दिसू लागतात.

जालना शहराला घाणेवाडी तलावातून आणि पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी मिळते. नळाला पाणी दररोज येत नसलेल्या कोणत्याही शहरात एक अडचण असते. पुरवठा बंद असताना नळवाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि वाहिनीला गळती असल्यास शेजारच्या गटारातील पाणी आत ओढले जाते. त्यामुळे जलशुद्धीकरण केंद्रातून निर्दोष निघालेले पाणीही घरी दूषित होऊन येऊ शकते. शिवाय अनेक दिवसांचा साठा करावा लागल्याने त्यातील क्लोरीन उडून जातो.

## रोगी व कुटुंब यांवरील परिणाम

विषमज्वराने मरणाऱ्यांपेक्षा त्याने आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळणाऱ्यांची संख्या कितीतरी अधिक आहे. शाळकरी वयातील मुलांत या रोगाचे प्रमाण विशेष असल्याने त्यांचा अभ्यास बुडतो. ताप गेल्यानंतरचा अशक्तपणा इतरांना दिसत नाही. मुलाने शाळेत लक्ष न देणे हा आळस समजला जाण्याची शक्यता असते. अशा मुलास काही आठवडे खेळ व श्रमाच्या कामांतून सूट देणे योग्य ठरते.

रोजंदारीवर जगणाऱ्या घरात रोग्याची मजुरी बुडते आणि त्याच्याजवळ बसणाऱ्याचीही. ही शुश्रूषा बहुधा घरातील स्त्रीकडे येते. तिलाच रोग्याचे मलमूत्र काढावे लागते आणि स्वयंपाकही करावा लागतो. दोन्हींच्या मध्ये साबणाने हात धुणे झाले नाही, तर रोग घरात पसरतो. जालना, बीड यांसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी जाणाऱ्या कुटुंबांची अडचण आणखी वेगळी आहे. फडाजवळच्या कोप्यांत शौचालय व शुद्ध पाण्याची सोय सहसा नसते, मुक्काम हलत राहतो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असल्याने विश्रांती परवडत नाही. अशा स्थितीत ताप उतरताच औषध थांबवून कामावर जाणे हा निष्काळजीपणा नसून नाइलाज असतो. उपचार पूर्ण होण्यासाठी मुक्काम बदलला तरी औषध मिळत राहील, अशी व्यवस्था असावी लागते.

## प्रतिबंध

### पाणी

पिण्याचे पाणी खळखळून उकळणे हा घरगुती पातळीवरील सर्वांत खात्रीचा उपाय आहे. पाणी केवळ वस्त्रगाळ केल्याने जिवाणू जात नाहीत. इंधनाअभावी उकळणे शक्य नसल्यास आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरीनचे द्रावण बाटलीवरील सूचनेनुसार घालून अर्धा तास थांबावे लागते. साठवलेले पाणी झाकून ठेवणे व ते लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. हात बुडवल्याने शुद्ध केलेले पाणी पुन्हा दूषित होते.

सार्वजनिक विहिरी व टाक्यांसाठी विरंजक चूर्ण वापरतात. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ते 'टीसीएल पावडर' या नावाने परिचित आहे. १,००० लिटर पाण्यास साधारण ५ ग्रॅम असे त्याचे प्रमाण आहे. चूर्ण ओलसर जागी किंवा उघडे राहिल्यास त्यातील क्लोरीन उडून जातो व ते निरुपयोगी होते. पाणी ग्राहकापर्यंत पोहोचल्यावर त्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. हे ओटी चाचणीने, म्हणजे पाण्यात द्रावणाचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का हे पाहून, जागीच तपासता येते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हे काम पाहतो. राज्यात पाण्याच्या स्रोतांचे व परिसराचे सर्वेक्षण करून ग्रामपंचायतींना जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. आपल्या गावाला कोणते कार्ड मिळाले आहे आणि ओटी चाचणी शेवटची कधी झाली, हे कोणीही ग्रामस्थ ग्रामपंचायतीत विचारू शकतो.

### स्वच्छता व अन्न

शौचालयाचा वापर, शौचानंतर व स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुणे, कच्ची भाजी व फळे स्वच्छ पाण्याने धुणे, दूध तापवून घेणे, उघड्यावरचे पदार्थ व बर्फ टाळणे या गोष्टींनी संसर्गाची साखळी तुटते. रोगी व नुकताच बरा झालेला माणूस यांनी इतरांसाठी स्वयंपाक करू नये. एकाच वस्तीत एका सुमारास अनेकांना दीर्घ ताप आल्यास प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवणे आवश्यक आहे, कारण अशा वेळी रोग्यांवरील उपचाराबरोबरच त्यांचा समाईक पाणवठा शोधून शुद्ध करावा लागतो.

### लस

विषमज्वराच्या तीन प्रकारच्या लसी आहेत. दोन वर्षांवरील व्यक्तींना टोचण्याची व्हीआय शर्करा लस, सहा वर्षांवरील व्यक्तींना तोंडाने देण्याची सजीव लस आणि वयाच्या सहाव्या महिन्यापासून देता येणारी संयुग्मित लस. यांपैकी तिसरी अधिक काळ संरक्षण देते आणि अगदी लहान मुलांनाही चालते. २०१८ पासून जागतिक आरोग्य संघटना तिला प्राधान्य देते. ती भारतात विकसित व उत्पादित झाली आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना मुलांना ती देण्याची शिफारस करते. २०१९ मध्ये पाकिस्तानने तिचा नियमित लसीकरणात समावेश केला. असे करणारा तो पहिला देश होय.

कोणतीही लस शंभर टक्के संरक्षण देत नाही आणि पॅराटायफॉइड, पटकी, कावीळ यांसारख्या पाण्यातून पसरणाऱ्या अन्य रोगांवर तिचा उपयोग नसतो. त्यामुळे लसीकरण झालेल्या घरातही पाण्याच्या शुद्धतेची गरज कायम राहते.